वासवाल्या काकूंचं नाक

शनिवारच्या बाजारात सगळे त्यांना वासवाल्या काकू म्हणत. सुरुवातीला काकूंना हे नाव मुळीच खपलं नाही. "अहो, वास मेलेल्या उंदराला येतो. माझ्या मेणबत्त्यांना सुवास आहे, सुवास!" असं त्या शेजारी जुनी पुस्तकं विकणाऱ्या गृहस्थांना ठणकावून सांगायच्या. पुस्तकवाले गालातल्या गालात हसायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "पुस्तकं इथे, वास पलीकडे." वर्षभर हे चाललं. मग काकूंनी नाद सोडला.

नाक मात्र त्यांचं खरंच तिखट. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं चादरी धुतल्या. गठ्ठ्याची गाठ सोडायच्या आधी त्या सांगायच्या, हा कुठल्या वॉर्डातून आला ते. बरोबरच्या बायका त्यावर पैजा लावत. घरी नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीत त्यांना मशीनवाले म्हणत. ते कुणाकडे चहा पिऊन आले, वाटेत कुणाची सिगारेट ओढून आले, हे त्यांनी चपला काढायच्या आत काकूंना कळलेलं असे. "तू पोलिसात जायला हवी होतीस," ते म्हणायचे. "त्यांचा एक कुत्रा वाचला असता." मूलबाळ झालं नाही. त्यावरून दोघांनी कधी एकमेकांना बोल लावला नाही.

सात वर्षांपूर्वी थंडीत मशीनवाल्यांच्या छातीत कफ भरला आणि आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. त्यानंतर काकूंना घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. एकदा संध्याकाळी दिवे गेले. शोधाशोध करताना फडताळात मेणबत्त्यांची पाच-सहा थोटकं सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती एका जुन्या पातेल्यात वितळवली, त्यात संत्र्याची सालं आणि चार लवंगा टाकल्या, सुती दोरीची वात करून सगळं एका काचेच्या ग्लासात ओतलं. सालं तळाशी बसली, वात विझली, ग्लास तडकला. पण घरात तासभर काहीतरी दरवळत राहिलं, आणि त्या तासाभरात आपण एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, हे काकूंच्या नंतर लक्षात आलं.

मग त्या शिकत गेल्या. मेणाचं पातेलं थेट जाळावर ठेवायचं नाही, उकळत्या पाण्यात ठेवायचं. सुगंधी तेल फार गरम मेणात घातलं तर उडून जातं, फार थंड मेणात घातलं तर तळाशी राहतं. वात मधोमध उभी राहावी म्हणून तिला कपड्यांचा चिमटा लावायचा. ओतून झाल्यावर मेणबत्ती लगेच विकायची नाही, पंधरा दिवस झाकून ठेवायची, म्हणजे वास आत मुरतो. ज्यांना ज्योत नको त्यांच्यासाठी त्या बर्फाच्या ट्रेमध्ये मेणाच्या लहान वड्या पाडायच्या. छोट्या दिव्यावर बशी, बशीत वडी. वडी वितळते आणि खोली भरून जाते.

तेलं त्या मोठ्या बाटल्यांतून आणायच्या आणि तपकिरी रंगाच्या लहान बाटल्यांत भरून ठेवायच्या. अशा एक्केचाळीस बाटल्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं. "नावं कशाला? बूच उघडलं की ती स्वतःच बोलते," काकू म्हणायच्या. अमक्याचे सात थेंब, तमक्याचे तीन, असं नाकाने मोजत त्या जे मिश्रण करायच्या, त्याची सर दुकानातल्या महागड्या मेणबत्त्यांना नव्हती.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी काकूंना ताप आला. पाच दिवस अंग नुसतं ठणकत होतं. सहाव्या दिवशी ताप उतरला, त्यांनी चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. गरम पाणी प्यायल्यासारखं लागलं. चहापत्ती जुनी झाली असेल म्हणून त्यांनी डबा हुंगला. काहीच नाही. कपडे धुण्याचा साबण हुंगला. काही नाही. मग त्या तेलांच्या खोक्याकडे गेल्या. पहिली बाटली, दुसरी, दहावी. बूच काढायचं, नाकाला लावायचं, खाली ठेवायचं. एक्केचाळीस बाटल्या टेबलावर इतस्ततः झाल्या आणि एकही बोलली नाही. शेवटी त्यांनी व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला.

तेव्हा त्या कपाटाकडे गेल्या.

वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, दुहेरी गाठ मारून मशीनवाल्यांचा राखाडी स्वेटर ठेवलेला होता. ते गेल्यापासून तो धुतला नव्हता. काकू वर्षातून दोनदाच ती गाठ सोडायच्या. एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा गाठ. दुसरा श्वास नाही. हा नियम त्यांनी स्वतःला घालून दिला होता, कारण प्रत्येक श्वासाबरोबर थोडं संपतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या दिवशी मात्र त्यांनी स्वेटर पिशवीतून पुरता बाहेर काढला, तोंडाशी धरला, ओढून ओढून श्वास घेतला. गळा, बाह्या, काखा. लोकर गालाला टोचत होती एवढंच. त्या किती वेळ तशा बसल्या होत्या कुणास ठाऊक. उन्हाची तिरीप पलंगावरून जमिनीवर आली, तेव्हा त्यांनी स्वेटर घडी करून पिशवीत घातला.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सर्दीच आहे, जाईल, अशी मनाची समजूत घातली. बाजार आठ दिवसांवर आला होता. टेबलावरच्या बाटल्यांची जागा बदलून गेलेली, तरी तेलाच्या रंगावरून अंदाज बांधत त्यांनी वड्या पाडल्या. पिवळसर ते लिंबू, गुलाबीसर तो गुलाब. वरून कागद लावले आणि शनिवारी मांडून बसल्या.

तासाभराने एक बाई परत आल्या. इथूनच वड्या घेऊन कोपऱ्यावरच्या घरी गेल्या होत्या.

"काकू, हा गुलाब म्हणालात ना?"

"हो. का?"

"आईच्या खोलीत लावला. ती झोपेतून उठून विचारते, कुणाचा गुडघा दुखतोय?"

पुस्तकवाल्यांनी हात लांब करून वडी घेतली, हुंगली आणि त्यांचं हसू ओठावरच थांबलं. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "काकू, हे मलम आहे. निलगिरी आहे ही."

काकूंनी त्या बाईंचे पैसे परत केले आणि सामान आवरायला घेतलं. पुस्तकवाले त्यांची खोकी बांधू लागले.

"भर बाजारात नाक कापलं गेलं माझं," काकू म्हणाल्या.

"काकू, खरं सांगा. नाक आहे का जागेवर?"

तेव्हा काकू बाजारात सगळ्यांसमोर रडल्या. पुस्तकवाल्यांनी एक जाड पुस्तक उघडून त्यांच्यापुढे उभं धरलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये. रडणं थांबल्यावर ते म्हणाले, "चष्मा उसना मिळतो, छत्री उसनी मिळते. एखादं नाकही उसनं मिळेल. आठवून बघा, तुमच्याइतकं नाक आणखी कुणाला आहे?"

काकूंना पटकन आठवलं. आणि आठवलं ते मुळीच आवडलं नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत दिवा धरून पाहिलं. तापाने आतल्या नसा दुखावल्यात, म्हणाले. सहा महिन्यांत येईल, वर्षाने येईल, कदाचित येणारही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. "काही आलं नाही तरी हुंगायचं, आणि हुंगताना तो वास आठवायचा." काकूंनी मान हलवली. या चारही बाटल्या घरी होत्या. फक्त कुठली कुठली ते माहीत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नणंदेला फोन लावला.

नणंद मशीनवाल्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. बेकरीत एकतीस वर्षं काढली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची. भट्टीचं दार न उघडता, आतला पाव झालाय की आणखी दोन मिनिटं हवीत, हे ती नाकाने सांगायची. काकू तिला वन्सं म्हणायच्या. पण गेल्या सहा वर्षांत ती हाकच मारली नव्हती.

मशीनवाले गेल्यानंतर कपाट आवरताना नणंदेने एकच गोष्ट मागितली होती. "वहिनी, दादाचा राखाडी स्वेटर मला द्याल? मीच विणलेला आहे तो."

"त्याला हात लावायचा नाही."

"एकच तर वस्तू मागतेय."

"नवरा माझा होता."

"आणि भाऊ माझा होता. तुम्ही यायच्या बावीस वर्षं आधीपासून."

त्यापुढे दोघींच्या तोंडून जे निघालं, ते सांगण्यात अर्थ नाही. नणंद पायऱ्या उतरून गेली ती गेलीच.

फोन बराच वेळ वाजला.

"हॅलो?"

"वन्सं, मी बोलतेय."

नणंदेने विचारलं, "कोण गेलं?"

"माणूस कुणी नाही. माझं नाक गेलंय."

काकूंना वाटलं, आता हसेल, नाहीतर फोन ठेवेल.

"सोमवारी येते," नणंद म्हणाली आणि मग फोन ठेवला.

सोमवारी सकाळी ती दारात उभी होती. केस पुरते पांढरे झालेले, गुडघ्याने जरा लंगडत होती. हातात कागदात गुंडाळलेला, भट्टीतून नुकताच निघालेला पाव. घरात पाऊल टाकताच तिने तो काकूंच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पावाची ऊब काकूंच्या तळहाताला लागत होती. त्यांनी तो नाकाशी नेला, वाट पाहिली, आणि खाली घेतला.

"खरंच गेलंय की हो," नणंद पुटपुटली. सहा वर्षांचं सगळं बोलणं ओठांवर घेऊन आली असावी ती. ते तिने गिळलं. "बाटल्या कुठायत?"

दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. नणंदेला तेलांची नावं ठाऊक नव्हती, पण तिने पहिली बाटली हुंगून सांगितलं, "म्हातारीचं कपाट."

"लॅव्हेंडर," काकूंनी ओळखलं.

"शाळेचा पहिला दिवस."

"म्हणजे?"

"पेन्सिलीला टोक काढल्यासारखं."

"देवदार. पुढची."

"दाताचा डॉक्टर."

"लवंग!"

"ही... थांबा हं. ही पाव्हणे यायच्या आधीची मोरी."

काकूंना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या. "पाइनचं तेल आहे ते. चांगलं महागाचं."

"महागाची मोरी," नणंद म्हणाली आणि तिने तसंच कागदावर लिहून बाटलीला चिकटवलं.

दुपारपर्यंत एक्केचाळीस बाटल्यांना नावं मिळाली. मधेच काकू म्हणाल्या, "गंमत बघा वन्सं. आपल्या भाषेत घाणीला शब्द किती! कुबट, खवट, आंबूस, जळकट, मातकट. चांगल्या वासाला मात्र चार-दोनच."

"कारण चांगला वास आला की माणूस बोलत नाही," नणंद म्हणाली. "डोळे मिटतो."

दुसऱ्या दिवशीही ती आली, तिसऱ्या दिवशीही. दोन बस बदलून यायची, येताना स्वतःच्या घरातल्या चपला पिशवीत घालून आणायची आणि जाताना घेऊन जायची. काकू मेण वितळवायच्या, तापमान बघायच्या, थेंब मोजायच्या. नणंद पातेल्यावर वाकून सांगायची, "अजून कच्चं आहे. लिंबू पुढे पळतंय, त्याला धरा." मग काकू आठवून काहीतरी सुचवायच्या, "देवदाराचे दोन घालून बघा," आणि नणंद हुंगून मान डोलवायची. एकीला दिसत नाही, दुसरीला चालता येत नाही, अशातला प्रकार. पण गाडी चालू लागली. बाजारात नणंदेने ठेवलेली नावंच कागदावर गेली. 'शाळेचा पहिला दिवस' दहा मिनिटांत संपायची. पुस्तकवाले म्हणाले, "मी जन्मभर पुस्तकं विकली, पण अशी नावं मला सुचली नाहीत." 'महागाची मोरी' त्यांनी स्वतःच घेतली आणि पुस्तकांच्या मागे लावून ठेवली.

काम वाढलं, तशी काकूंची आतली ओढही वाढली. नणंद डोळे मिटून पातेल्यावर वाकायची, तेव्हा काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. भुवया वर जातात, ओठ किंचित सुटतात, मग कुठेतरी दूर गेल्यासारखी ती गप्प होते. आपण तिथे हजार वेळा जाऊन आलोय, आणि आता फाटकाबाहेर उभं राहून आत गेलेल्या माणसाची वाट बघायची. रोज सकाळी त्या चार बाटल्या हुंगायच्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवायच्या. लिंबू आठवायचं. गुलाब अर्धामुर्धा यायचा. आठवण नेमकी कशी होती हेच निसटत चालल्यासारखं वाटायचं. अशा वेळी त्यांना भीती वाटायची ती एकाच गोष्टीची.

दुसरा महिना संपत आला असताना एका दुपारी चहा झाल्यावर काकू उठल्या आणि कपाटातून ती पिशवी घेऊन आल्या. नणंदेने पिशवीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"हात पुसून घ्या," काकू म्हणाल्या. "तेलाचे आहेत."

नणंद मोरीत जाऊन हात धुऊन आली. काकूंनी गाठ सोडली. नणंदेने पिशवीच्या तोंडाशी नाक नेलं आणि ती तशीच राहिली.

"आहे का?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"सांगा ना."

"मशीनचं तेल," नणंद हळू म्हणाली. "लोकर. खोकल्याच्या गोळ्या, त्या काळ्या. आणि गळ्यापाशी दादा."

"दादा म्हणजे कसा?"

"दादासारखा."

"एक्केचाळीस बाटल्यांना नावं दिलीत आणि इथेच तुमची जीभ अडली?" काकू एकदम चिडल्या. चिडण्याचं कारण त्यांना ठाऊक होतं. आपला माणूस त्या पिशवीत आहे, तो हिला भेटतोय आणि आपल्याला नाही.

नणंदेने राग मानला नाही. पुन्हा हुंगलं, विचार केला. "उन्हात तापलेल्या लाकडी टेबलाला येतो ना, तसा. आणि थोडा घाम. कामाचा. धावपळीचा नाही."

काकूंनी डोळे मिटले. खिडकीखालचं ते टेबल, त्यावर उलटं पाडलेलं मशीन, वाकलेली मान. "हां," त्या म्हणाल्या. "हां. तसाच."

मग गाठ मारली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नणंद पिशवी उघडायची आणि सांगायची. कधी तेल आधी यायचं, कधी गोळ्या. एकदा म्हणाली, "आज पावसात भिजून आल्यासारखा आहे." एकदा म्हणाली, "बाहीला गोंद लागलाय बघा कसला." आणि काकूंना आठवलं, खरंच, एका हिवाळ्यात त्यांनी मशीनचा लाकडी पाट चिकटवला होता. अशा रविवारी काकू बोलत सुटायच्या, नणंद ऐकायची, मग नणंद लहानपणचं सांगायची. दादाने तिची बाहुली उघडून आत आवाज कुठून येतो ते पाहिलं होतं आणि ती कायमची मुकी झाली होती, हे काकूंना चाळीस वर्षांच्या संसारात कधी कळलं नव्हतं. पावसाळा गेला, थंडी आली. नणंदेच्या घरातल्या चपला आता इथेच दाराशी राहू लागल्या होत्या आणि पाठोपाठ तीही.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी काकूंनी मेणबत्ती फुंकली आणि त्या दचकल्या. धूर! विझलेल्या वातीचा तो जळका, कडवट धूर. त्यांनी पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. सात वेळा. "वन्सं! वन्सं, आला!" महिन्याभरात लवंग आली. मग कॉफी आली, पण ती जळक्या टायरसारखी. साबण आला तो ओल्या पुठ्ठ्यासारखा. गुलाबाचा पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, नसा जुळतायत, तारा थोड्या उलटसुलट लागल्यात, धीर धरा.

काकूंना धीर कुठला? "या रविवारी मी बघते," त्या म्हणाल्या.

"नको," नणंद घाईने म्हणाली. "नाक अजून कच्चं आहे तुमचं. कॉफीचा टायर होतोय. दादाचा काय होईल सांगता येत नाही."

पटण्यासारखं होतं. पण पुढच्या महिन्यातही ती तेच म्हणाली, आणि म्हणताना तिने नजर चुकवली. काकू उठल्या, पिशवी काढली, गाठ सोडली आणि तोंड आत घातलं. एक श्वास. त्यांनी नियम मोडला, दुसरा घेतला.

"मला पिशवीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "नुसत्या प्लास्टिकचा."

नणंद खिडकीशी उभी होती. "मलाही तेवढाच येतो."

"केव्हापासून?"

"पहिल्या वेळी थोडा होता. अगदी धुगधुगी. दुसऱ्या वेळेपासून नाही."

"मग तो गोंद? ते पावसात भिजणं? दर महिन्याला काय सांगत होतात तुम्ही मला?"

"आठवून सांगत होते, वहिनी. तुम्ही ऐकायला बसायचात म्हणून मला आठवायचं. घरी एकटीला इतकं कधी आठवलं नाही."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मेणाचं पातेलं गरम पाण्यात होतं, त्या ते ढवळत राहिल्या. त्यांना तो दिवस आठवला, तापानंतरचा, जेव्हा स्वेटर उघड्यावर घेऊन त्या तासन्‌तास बसल्या होत्या. जे होतं त्यातलं बहुतेक त्या दिवशीच उडून गेलं असणार, आणि ते ज्या नाकाने घ्यायचं, त्या नाकाला कळलंही नाही. दुसऱ्या कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. नणंद पिशवीची गाठ मारायला घेत होती.

"गाठ नका मारू," काकू म्हणाल्या. "खोटारड्या आहात तुम्ही."

"आहे."

"तुम्ही मागितलात तेव्हाच द्यायला हवा होता. सात वर्षं एकीने तरी अंगात घातला असता."

स्वेटर मांडीवर घेऊन नणंद कोपरापाशी उसवलेला टाका बोटाने चाचपत होती. मग म्हणाली, "धुऊ का?"

"धुवा. कोमट पाण्यात. पिळू नका, आकार जाईल."

"मला शिकवताय? विणलाय कुणी?"

दोन दिवस तो गच्चीत सपाट पसरून वाळला. शनिवारी नणंद तो घालून बाजारात बसली. खांद्यांत सैल, बाह्या दुमडलेल्या. काकू तिच्याकडे बघायच्या, आणि दुसरीकडे बघायच्या, आणि पुन्हा बघायच्या.

मग उन्हाळा लागला. एके दिवशी काकू वाती आणायला निघाल्या होत्या. बसथांब्यावर उभ्या असताना मागून कुणीतरी गेलं आणि त्यांचं नाक वर झालं. मशीनचं तेल. टायर नाही, पुठ्ठा नाही. तेच, जसंच्या तसं. त्या वळल्या. एक किडकिडीत माणूस, खांद्याला कातड्याची पिशवी, झपझप चाललेला. बस समोर येऊन उभी राहिली होती, पण काकू त्या माणसाच्या मागे निघाल्या. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीला लागून, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. दम लागला, तरी त्या नाक पुढे करून चालत होत्या. ओळख ना पाळख, थांबवून म्हणणार तरी काय होत्या? तो एका इमारतीत शिरला, जिना चढला, वर कुठेतरी दार लागलं. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हळूहळू जिन्यात नुसता जिना उरला.

त्या रिकाम्या हाताने घरी आल्या. नणंदेने विचारलं, "वाती?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नणंद हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने गॅस बंद केला.

"कुठली गल्ली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी त्या इमारतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुणी विचारलं तर काय सांगायचं हे ठरवून आल्या होत्या, पण कुणी विचारलं नाही. चारच्या सुमारास तो माणूस खाली आला. त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला, दोन म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून डोळे मिटून का उभ्या आहेत, असं एकदा वळून पाहिलं आणि पुढे गेला.

"तेल तेच आहे," नणंद म्हणाली.

"हो."

"बाकीचं नाही."

"बाकीचं नाही," काकू म्हणाल्या.

तो दिसेनासा होईपर्यंत दोघी तिथेच थांबल्या. मग नणंदेचा गुडघा बोलू लागला, तेव्हा काकूंनी तिला हात दिला आणि दोघी बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या.